सीमेपलीकडच्या आश्रयाचा हिशेब

"एकदाच काय ते करून टाका." उरी झालं, पुलवामा झालं, पहलगाम झालं, प्रत्येक वेळी ग्वाल्हेरच्या मराठी घरांमध्ये मी हेच वाक्य ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्यांचा राग खोटा नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते, आपल्या मध्य प्रदेशातल्या इंदूरचे एक गृहस्थ होते. धर्म विचारून, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. हे ऐकून ज्याचं रक्त तापत नाही त्याच्याशी देशाच्या सुरक्षेवर बोलण्यात अर्थ नाही. तरीही ते वाक्य मला चुकीचं वाटतं. सीमेपलीकडून पोसलेला सशस्त्र उठाव एका तडाख्यात संपल्याचं उदाहरण मला इतिहासात सापडत नाही. तो जिथे संपला तिथे पलीकडचा आश्रय महाग झाला होता आणि अलीकडच्या माणसाने त्या बंदुकीला दार उघडणं बंद केलं होतं. आश्रयाबद्दल आपण तावातावाने बोलतो. अलीकडच्या माणसाबद्दल कुणी बोलायला लागला की त्याच्याकडेच संशयाने पाहतो.

ग्वाल्हेरला या प्रश्नाकडे लांबून पाहता येत नाही. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज-२००० विमानं इथल्याच महाराजपुरा तळावरची. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर आणि मुंथो ढालोच्या रसद-तळावर बॉम्ब टाकणारी मिराजही इथलीच. जवळच टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. सीमेवर उभे राहणारे कितीतरी अधिकारी तिथून तयार होऊन जातात. बालाकोटच्या कारवाईला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सप्टेंबर २००१ मध्ये १३७३ क्रमांकाचा ठराव केला. कुठल्याही देशाने आपल्या भूमीवर दहशतवाद्यांना आसरा देऊ नये, हे बंधन त्या ठरावाने सगळ्यांवर घातलं. जो देश ते वर्षानुवर्षं पाळत नाही, त्याचा "आमच्या हद्दीत कसे आलात?" असं विचारण्याचा हक्क बराचसा संपतो. बराचसा, पूर्ण नाही. म्हणूनच त्या दिवशी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदनात सांगितलं की कारवाई जैश-ए-मोहम्मद या दहशतवादी संघटनेच्या तळावर आहे, स्वरूप बिगरलष्करी आहे, आणि पुढचा हल्ला टाळण्यासाठी ती केली आहे. पाकिस्तानशी युद्ध पुकारलेलं नाही, हे त्यातून जगाला कळवायचं होतं. ही मर्यादा सांभाळणं हाही पराक्रमाचाच भाग आहे.

आश्रय देणाऱ्याचं पुढे काय होतं, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला बाहेरून शिकायची गरज नाही. ते आपल्याच दप्तरात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्यात आणि नर्मदेच्या खोऱ्यात पेंढाऱ्यांच्या टोळ्या होत्या. चितू, करीमखान, वासिल महंमद ही त्यांतली मोठी नावं. शिंदेशाही पेंढारी आणि होळकरशाही पेंढारी असंच त्यांना ओळखलं जाई. कोणती टोळी कुणाच्या छायेत वाढते, हे उघड गुपित होतं. दौलतराव शिंद्यांनी चितूला आणि करीमखानाला जहागिरी दिल्या, नबाब म्हणवून घेऊ दिलं. करीमखान डोईजड होतोय असं दिसताच त्याला ग्वाल्हेरला कैदेत टाकलं, आणि काही वर्षांनी मोठी रक्कम घेऊन सोडूनही दिलं. या लोकांना पगार द्यावा लागत नसे. ते लुटीवर जगत, दुसऱ्याच्या मुलखात धुमाकूळ घालत, आणि तक्रार आली की ते आमचे नव्हेत म्हणून हात वर करता येत. १८१६ मध्ये पेंढारी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातल्या गुंटूर भागात शिरले आणि अवघ्या बारा दिवसांत त्यांनी ३३९ गावं लुटली. पैसा कुठे पुरला आहे हे काढून घेण्यासाठी हजारो माणसांना यातना दिल्या. त्या गावातल्या रयतेला ही टोळी कुणाच्या आशीर्वादाने आली, हे कळून काय उपयोग होता?

पुढचं सगळ्यांना साधारण माहीत असतं, पण तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. ५ नोव्हेंबर १८१७ ला दौलतरावांनी ग्वाल्हेरचा तह केला. पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांना मदत करायची, असीरगड आणि हिंदियाचे किल्ले तात्पुरते त्यांच्या हवाली करायचे, हे कबूल केलं. त्याच दिवशी पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची लढाई जुंपली होती, आणि उत्तरेतली मोठी मराठी फौज तहाने बांधली जाऊन जागच्या जागी बसली होती. डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले. पुढच्या जूनमध्ये बाजीराव शरण आले. पेंढारी पदरी ठेवून शिंद्यांच्या राज्याने जे कमावलं असेल, त्याची किंमत अशा वेळी आणि अशा रीतीने चुकती झाली.

या इतिहासाची दुसरी बाजूही मी सोडणार नाही, कारण आज आपण उत्तर देणाऱ्याच्या जागी आहोत. कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने त्या मोहिमेसाठी लाखाहून जास्त सैन्य उभं केलं. पेंढारी त्याच्या चौथाई भरतील की नाही, अशी स्थिती. पेंढाऱ्यांचा उपद्रव हे कारण खरं होतं, पण मोहीम पेंढाऱ्यांपुरती कधीच नव्हती. ती संपली तेव्हा सगळा मध्य हिंदुस्थान कंपनीच्या अंमलाखाली होता. दहशतवाद्यांचा पाठलाग करतो म्हणून निघालेली फौज दुसऱ्याचं राज्य घेऊन थांबते, हा अनुभव आपण पलीकडच्या टोकाला उभं राहून घेतला आहे. तेव्हा भारताने कारवाई करताना आपला हेतू किती आहे हे बोलून आणि वागून, दोन्ही तऱ्हेने दाखवायला हवं. पाकिस्तानचे तुकडे करू, नकाशा बदलू, अशी भाषा टीव्हीवर ज्या सहजतेने होते ती रावळपिंडीच्या सेनापतींच्या फार उपयोगी पडते. स्वतःच्या जनतेला भीती दाखवून गप्प बसवायला त्यांना तीच वाक्यं हवी असतात.

आणि पेंढारी संपले कसे? होळकरांच्या छायेतल्या अमीरखानाला टोंकची नबाबी मिळाली. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम याला शरण गेला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितू शरण गेला नाही. असीरगडच्या जंगलात वाघाने त्याला मारलं. साधे पेंढारी हळूहळू शेतीला लागले. हेस्टिंग्जकडे फौजेची कमतरता नव्हती, तरी त्याला परतीची वाट ठेवावीच लागली.

पाकिस्तानने हाच खेळ जास्त मोठ्या प्रमाणावर मांडला, आणि त्याची फळं तो चाखतो आहे. अफगाणिस्तानसाठी आणि काश्मीरसाठी ज्या टोळ्या पाळल्या, त्याच कुशीतून तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान निघाली. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर तिने केलेल्या हल्ल्यात १४० हून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं होती. त्या मुलांसाठी मला आजही तितकंच वाईट वाटतं. २०२१ मध्ये काबूलमध्ये तालिबान परतल्यापासून पाकिस्तान त्यांना तेच सांगतो आहे जे आपण तीस वर्षं पाकिस्तानला सांगत होतो: तुमच्या भूमीतून आमच्यावर हल्ले होतात, ते थांबवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांच्या सीमेवर उघड लढाई झाली.

आपणही या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. १९८३ नंतर श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांना भारतात प्रशिक्षण दिलं गेलं, तमिळनाडूत त्यांच्या छावण्या होत्या. पुढे त्याच एलटीटीईशी लढताना शांतिसेनेचे सुमारे १२०० जवान गेले आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. सीमेपलीकडे बंदूक पोसणं वाईट, हे तत्त्व म्हणून मानायचं असेल तर बलुचिस्तानात आपणही तसंच करावं असा सल्ला देणाऱ्यांना आपण स्पष्ट नकार द्यायला हवा. मला ती सूचना केवळ अनैतिक वाटत नाही, ती आत्मघातकी वाटते.

मग आश्रय महाग कसा करायचा? ज्या उपायांचा आवाज होत नाही त्यांचा परिणाम आपण कमी लेखतो, असं माझं मत आहे. जून २०१८ मध्ये एफएटीएफने, म्हणजे दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत तिथे ठेवलं. बँकांचे व्यवहार, परदेशी कर्ज, सगळ्यावर सावट आलं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ बहुतेक मोकाटच फिरणाऱ्या हाफिज सईदला लाहोरच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा दिली, ती याच काळात. पाकिस्तानच्या न्यायसंस्थेला तेव्हाच एकाएकी जाग आली असेल, यावर माझा विश्वास नाही. उलट डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर आपण ऑपरेशन पराक्रम केलं. दहा महिने सैन्य सीमेवर उभं राहिलं, सुरुंग पेरताना आणि अपघातांत शेकडो जवान गेले, आणि ती फौज परत आली. पाकिस्तानात मात्र शिक्षा कुणालाच झाली नाही.

सिंधू जलकराराबद्दल मी साशंक आहे. १९६० चा तो करार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला, त्याने दबाव येतो हे मान्य. पण पाण्याची तूट सिंधच्या शेतकऱ्याला जाणवते, रावळपिंडीच्या छावणीला नाही.

ग्वाल्हेरमध्ये जन्मलेल्या अटलबिहारी वाजपेयींनी या बाबतीत जे केलं त्यावर इथे अभिमानाने बोललं जातं, पण बहुतेकदा अर्धंच. कारगिलमध्ये त्यांनी हवाई दलाला नियंत्रण रेषा ओलांडू नका असा आदेश दिला होता. वैमानिकांचं काम त्याने कितीतरी अवघड झालं. पण जगाने घुसखोर कोण हे ओळखलं आणि पाकिस्तान एकटा पडला. पुढे डिसेंबर १९९९ मध्ये अपहृत विमानातल्या प्रवाशांसाठी मसूद अझरला सोडावं लागलं आणि त्याने जैश काढली, हेही त्यांच्याच कारकिर्दीतलं. मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती त्यांची २००२ ते २००४ ही वर्षं. जम्मू-काश्मीरमध्ये लोकांना खरी वाटलेली निवडणूक झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली आणि तोफा थांबल्यामुळे आपल्याला तिथे कुंपण पुरं करता आलं. जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला मुशर्रफ यांनी आपली भूमी दहशतवादासाठी वापरू न देण्याचं आश्वासन लेखी दिलं. ते पूर्ण पाळलं गेलं नाही. तरीही पुढची काही वर्षं खोऱ्यातली हिंसा सातत्याने कमी होत गेली. कुंपण, मतपेटी आणि चर्चा एकाच वेळी चालू होत्या. एकीला दुसरीचा शत्रू मानणाऱ्यांनी तो काळ पुन्हा तपासावा.

नुसत्या बळाने काय होतं, हे लेबनॉनमध्ये दिसलं. १९८२ मध्ये इस्रायलने पॅलेस्टिनी बंडखोरांना हुसकावण्यासाठी आत शिरून बैरूतपर्यंत मजल मारली. बंडखोर निघून गेले. पण सैन्य अठरा वर्षं अडकलं आणि त्या ताब्याच्या विरोधातच हिजबुल्ला उभी राहिली, आधीच्या शत्रूपेक्षा जास्त कडवी.

आपल्या घरातलं उदाहरण मिझोरमचं आहे, आणि मराठीत त्यावर फार कमी बोललं जातं. १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केला. ५ मार्चला आपल्याच हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. पुढे गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या राखीव वस्त्यांमध्ये कोंबली. बंडखोरांचे तळ पूर्व पाकिस्तानात, चितगावच्या डोंगरांत होते. १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि तो आश्रय एका झटक्यात गेला. आश्रय तोडला की उठाव संपतो, हे गणित बरोबर असतं तर मिझोरम १९७२ मध्ये शांत व्हायला हवं होतं. झालं नाही. अजून चौदा वर्षं गेली. चर्चच्या लोकांनी मध्यस्थी केली, बोलणी अनेकदा फिसकटली, पुन्हा सुरू झाली. ३० जून १९८६ ला करार झाला. मुख्यमंत्री ललथनहॉला यांनी काल-परवापर्यंत बंडखोरांचे नेते असलेल्या लालडेंगांसाठी खुर्ची सोडली, फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोरम राज्य झालं, आणि बंडखोर निवडणुका लढवू लागले. आज तिथे सरकारं मतदानाने बदलतात. १९७१ चा विजय नसता तर लालडेंगा कदाचित बोलायला आलेच नसते, हे मी नाकारत नाही. पण सैन्याने जी संधी मिळवून दिली तिचं सोनं करायला राजकारण्यांनी चौदा वर्षं घेतली, आणि ती वर्षं मिझो माणसांनी संचारबंदीत काढली.

भूतानचा धीर मला या संदर्भात आवडतो. आसाममधल्या उल्फा आणि बोडो बंडखोरांनी त्याच्या जंगलांत तळ ठोकले होते. त्या छोट्या देशाने आधी वर्षानुवर्षं समजावलं, आणि ऐकत नाहीत असं दिसल्यावर डिसेंबर २००३ मध्ये स्वतःच्या सैन्याने तीस तळ उद्ध्वस्त केले. शेजारी राजी असेल तर काम किती कमी रक्तात होतं, हे त्यातून दिसलं.

ग्वाल्हेर-मुरैना-भिंडच्या माणसाला सीमेचा हा खेळ वेगळ्या वाटेनेही ठाऊक आहे. चंबळच्या बेहडांत डाकू वाढले, त्याला मोठं कारण तीन राज्यांच्या हद्दी होत्या. मध्य प्रदेशाचे पोलीस मागे लागले की नदी ओलांडून धौलपूर गाठायचं, नाहीतर आग्रा-इटाव्याकडे निघून जायचं. चकमकी दशकानुदशकं झाल्या, नव्या टोळ्या येत राहिल्या. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या गांधी आश्रमात जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि शेकडो साथीदारांनी शस्त्रं ठेवली. फाशी होणार नाही एवढी हमी होती, शिक्षा मात्र भोगायची होती. मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग झाला. डाकू आणि जिहादी यांत फरक आहे, तो मला कळतो. डाकूंच्या पाठीशी परक्या देशाचं हेरखातं नव्हतं. आणि या समेटांत ज्यांची माणसं मारली गेली त्यांचा विसर पडतो, ही चूकही चंबळमध्ये घडली आहे. फूलनदेवीच्या टोळीवर आरोप असलेलं बेहमईचं हत्याकांड १९८१ मधलं, त्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. एवढ्या उशिरा मिळालेला न्याय त्या विधवांच्या काय कामाचा? परतीची वाट खुली करताना पीडितांना न्याय आणि भरपाई देणं ही सरकारची त्याच दिवसाची जबाबदारी आहे.

काश्मीरबद्दल बोलताना म्हणूनच मी दोन माणसं वेगळी काढतो. पलीकडून प्रशिक्षण घेऊन पर्यटकांना मारायला आलेला लष्कर-ए-तैयबाचा हस्तक हा एक. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नाही. त्याला पकडावं, नाहीतर मारावं. शोपियां-पुलवाम्यातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, जो फोनवरच्या चित्रफिती पाहून जंगलात जाण्याच्या बेतात आहे, तो दुसरा. त्याच्यासाठी परतीची वाट नसेल तर पहिल्याला नवे साथीदार मिळत राहतात. २०१० मध्ये सरकारने पलीकडे गेलेल्यांना परत येण्यासाठी योजना काढली. ठरवून दिलेल्या वाटा पाकिस्तानने त्यांना वापरू दिल्या नाहीत, बरेच जण नेपाळमार्गे आले. त्यांच्या पाकव्याप्त काश्मीरमधल्या बायका वर्षानुवर्षं कागदपत्रांवाचून अडकल्या, माहेरच्या मयतीलाही जाऊ शकल्या नाहीत. असा परतलेला संसार पाहून दुसरा कोण परत येईल?

पहलगामच्या हल्ल्यात पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला. दुसऱ्या दिवशी खोऱ्यात बंद पाळला गेला, लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. पाकिस्तानला ज्याची खरी भीती वाटावी असं काही असेल तर ते हे होतं. त्याच आठवड्यात आपण संशयित अतिरेक्यांची घरं स्फोटकांनी उडवली, आणि त्यांत म्हातारे आईबाप, भावंडं राहत होती. नुसत्या आरोपावरून घर पाडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलं होतं. देशातल्या कित्येक शहरांत काश्मिरी विद्यार्थ्यांना खोल्या सोडायला लावलं. ग्वाल्हेरच्या मेळ्यात शाली विकणाऱ्या काश्मिरी माणसाकडून आपण भाव करून शाल घेतो. त्याच्या मुलाला इथे शिकायला खोली देताना आपला हात आखडता कामा नये.

हल्ला करणारे तिघे अखेर २८ जुलै २०२५ ला दाचीगामच्या जंगलात मारले गेले. ते तेच होते हे कसं ठरलं? सापडलेल्या रायफलींची काडतुसं चंदीगडच्या प्रयोगशाळेत बैसरनच्या पुंगळ्यांशी जुळवून पाहिली गेली, आणि त्यांना आसरा दिल्याच्या आरोपाखाली आधीच पकडलेल्या लोकांनी मृतदेह ओळखले. माग काढणं, साक्ष, पुरावा, असं हे पोलिसी काम होतं. त्यासाठी गावातल्या माणसाने ठाण्यात येऊन बोलावं लागतं, आणि जिथलं सरकार आपलं वाटत नाही तिथे कुणी बोलत नाही. म्हणून जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत देणं मला सुरक्षेचा प्रश्न वाटतो. २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून सरकार निवडलं, पण पोलीस त्या सरकारच्या हाताखाली नाहीत.

आणखी एक मागणी, आणि ती आपल्या सगळ्यांची असावी. कारगिलनंतर सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घुसखोरी कळली का नाही, हे तिने तपासलं आणि अहवाल संसदेपुढे ठेवला गेला. त्यातून गुप्तचर यंत्रणेत बदल झाले. बैसरनच्या कुरणात त्या दिवशी हजारभर पर्यटक जात-येत होते आणि एकही शिपाई नव्हता. जुलै २०२५ मध्ये उपराज्यपाल मनोज सिन्हा यांनी सुरक्षेतल्या त्रुटीची जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं, त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. पण ती त्रुटी नेमकी कुठे होती, कोणत्या ठाण्याने, कोणत्या खात्याने काय केलं नाही, हे छापील अहवालात येऊन संसदेच्या पटलावर ठेवलं गेलं पाहिजे. ज्यांची माणसं गेली त्यांना तो अहवाल वाचायला मिळायला हवा.